अँब्युलन्सचा होणारा ड्रायव्हर

३ जानेवारी १९५५, सोमवार
नवी डायरी. कारखान्यातून मिळाली. कुणाला दाखवायची नाही, म्हणजे खरं लिहिता येईल.
बातमी मोठी आहे. उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या सिंधी व्यापाऱ्यांनी मिलिटरीची जुनी गाडी घेऊन तिची अँब्युलन्स केली. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, तिन्हीकडे धावणार. ड्रायव्हर पाहिजे. आता माझ्यासारखा दुसरा कोण आहे? अकरा वर्षं लॉरी चालवतोय, एक माणूस उडवला नाही. कोंबड्या मी धरत नाही.
नोकरीबरोबर त्यांच्या दवाखान्यामागे खोली. म्हणजे उमाला घरी आणता येईल. आई नसलेली पोर, सासूबाई तिला बदलापूरला घेऊन बसल्यात. म्हणतात, तुम्ही दिवसभर लॉरीवर, पोरीला बघणार कोण? दवाखान्यामागे राहिलो की नर्सबाई, आयाबाई सगळ्या हाकेच्या अंतरावर. विषय संपला.
आजपासून तंबाखू बंद.

५ जानेवारी, बुधवार
दवाखान्याच्या डॉक्टर तेजूमलांना भेटलो. लायसन बघून खूश झाले. मग म्हणाले, सर्टिफिकेट? म्हटलं, कसलं? तर फर्स्ट एडचं. सहा रविवार क्लास, सातव्या रविवारी ठाण्याचे डॉक्टर येऊन परीक्षा घेणार. मी विचारलं, ड्रायव्हरने गाडी हाकायची की पट्ट्या बांधायच्या? म्हणाले, दोनों.
हरकत नाही. सातवी पास आहे मी, आमच्या मोरिवलीतून त्या साली एकटाच.
तंबाखू उद्यापासून बंद.

९ जानेवारी, रविवार
पहिला क्लास. आम्ही दोघेच. दुसरा शरदचंद्र, कॉलेज सोडलेला, चष्मेवाला. पट्ट्या झकास बांधतो, पण गिअर टाकताना गाडी बोंबलते. मला त्याची कीव आली. त्याला क्लच समजावून सांगितला. एवढं मन मोठं ठेवायला माझं काही जात नाही.

१६ जानेवारी, रविवार
डॉक्टरांचं डोकं फिरलंय. स्ट्रेचरवर काठोकाठ भरलेली परात ठेवली आणि म्हणाले, अंबरनाथ स्टेशनपर्यंत जाऊन या, पाणी सांडता कामा नये. मी गेलो नि आलो अकरा मिनिटांत! रेकॉर्ड असेल. परातीत पाणी उरलं नव्हतं, पण परात पसरट होती, त्याला मी काय करणार?
शरदचंद्राला पस्तीस मिनिटं लागली. निम्मं पाणी परत आणलं. डॉक्टर त्याला शाबास म्हणाले. मला म्हणाले, आनंदा, गाडी नहीं, आदमी ले जाना है. अहो, मी काय सिमेंट समजतो माणसांना?
अँब्युलन्स म्हणजे स्पीड. हे मला कुणी शिकवू नये. मला माहीत आहे उशीर म्हणजे काय.

१८ जानेवारी, मंगळवार
रस्त्यात बैलगाडीवाला चांगो भेटला. रामराम केला त्याने. मी तोंड फिरवलं.
दोन वर्षं होतील चैत्रात. विठा पहाटे बाळंत झाली. उमा चांगली रडली, सगळं ठीक म्हणाली सुईण. मग रक्त थांबेना. लॉरी कारखान्यात, किल्ली साहेबाकडे, साहेब मुंबईला. चांगोची बैलगाडी काढली. मोरिवली ते कल्याण तीन तास लावले त्याने! मेले बैल रवंथ करत चालले होते. विठ्ठलवाडीच्या अलीकडे विठा गेली. कल्याण समोर दिसत होतं.
सगळ्या गावाला सांगितलं मी, चांगोच्या बैलांनी माझी बायको मारली. आता आजारी माणसासाठी कुणी त्याची गाडी सांगत नाही. बरं झालं.
सासूबाई म्हणतात, पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत आहे, तुम्ही पाठवली नाही. पाठवणारच होतो. करमलं नसतं मला. हा काय गुन्हा आहे?

२३ जानेवारी, रविवार
आजचा धडा रक्तस्राव. दाढ दुखत होती, गेलो नाही. संध्याकाळी राहिली. तंबाखूनेच राहिली, म्हणजे तंबाखू अगदीच वाईट नाही.

३० जानेवारी, रविवार
डॉक्टरांनी निरोप धाडला होता, तुझ्यासाठी तो धडा परत घेतो. पण उमाला बघायला बदलापूरला जाणं भागच होतं. पोरीसाठीच तर चाललंय सगळं.
उमा मला मामा म्हणाली. सासूबाई हसल्या, मग पदर तोंडाला लावून आत गेल्या. मी म्हटलं, एक महिना थांब, भोंगावाल्या गाडीतून नेतो तुला. ती म्हणाली, मामा टाटा. खोली मिळाली की आठवड्यात बाबा म्हणायला शिकेल.

६ फेब्रुवारी, रविवार
मोडलेलं हाड. फळी बांधली. उत्तम जमली, फक्त चांगल्या पायाला. डॉक्टर म्हणाले, आनंदा, तो खून वाला लेसन बाकी है. म्हटलं, वाचून घेतो.

१३ फेब्रुवारी, रविवार
शेवटचा क्लास. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास थांब, तुला एकट्याला शिकवतो. लॉरीचं काम आहे म्हणून सटकलो. रविवारी लॉरी बंद असते, ते त्यांना माहीत नसावं.
शरदचंद्राने आपली वही दिली. अक्षर फार बारीक. भाजणं वाचलं, साप वाचला, बुडणं वाचलं. त्या धड्याशी आलो की झोप येते. एवढं एक सोडलं तर तयारी फर्स्ट क्लास. परीक्षेत तेवढंच थोडंच विचारणार आहेत?
उमासाठी लाकडी पाळणा सांगून ठेवला. सुतार म्हणाला, दोन वर्षांच्या पोरीला पाळणा कशाला? मी म्हटलं, तुला काय करायचंय?

२० फेब्रुवारी, रविवार
परीक्षा झाली.
साप विचारला, सांगितला. डॉक्टर तेजूमल मान हलवत होते. मग ठाण्याचे डॉक्टर म्हणाले, बाई घरी बाळंत झालीय, रक्त थांबत नाहीये, गाडीत कशी न्याल? करून दाखवा. शरदचंद्र बाई होऊन स्ट्रेचरवर पडला.
मला विचार करावाच लागला नाही. मी त्याला उठवून बसवलं. मागे बसलो, त्याचं डोकं माझ्या खांद्यावर घेतलं, दोन्ही हातांनी धरलं घट्ट. म्हटलं, असं.
ठाण्याच्या डॉक्टरांनी विचारलं, असं का? मी म्हटलं, गचके बसू नयेत म्हणून. ती घाबरू नये म्हणून.
त्यांनी कागदावर काही लिहिलं. तेजूमल जवळ आले, शरदचंद्राला हळूच आडवं केलं, पायाखाली दोन उशा दिल्या. म्हणाले, असं, आनंदा. सपाट. पाय वर. बसवलं तर उरलंसुरलं रक्तही डोक्याला पोचत नाही. मी विचारलं, किती वेळ चालतं बसवलेलं? म्हणाले, जरा वेळसुद्धा नाही. मग म्हणाले, तू कितनी देर बिठाया था?
मी सांगितलं. तीन तास.
त्यांनी माझा हात धरला. काही म्हणाले, कदाचित झोपवूनही वाचली नसती असं काहीतरी. नीट ऐकू आलं नाही.
शरदचंद्र पास. मी नापास.

२१ फेब्रुवारी, सोमवार
कामावर गेलो नाही.
चांगो दोनदा म्हणाला होता. गाडी काढताना एकदा, उल्हासनगरच्या बराकींपाशी एकदा. तिला आडवी कर, पायाखाली गोणपाट दे. मी म्हटलं, तू बैलांकडे बघ. दुसऱ्यांदा शिवी दिली.
विठापण म्हणाली होती, मला निजू द्या. मी म्हटलं, नाही नाही, मी धरलंय तुला.

२२ फेब्रुवारी, मंगळवार
सकाळी चांगोकडे गेलो. त्याची बायको येसू मला बघून आत गेली, मग चहा घेऊन आली. बैल दावणीला होते. म्हातारे दिसतात आता.
सगळं सांगितलं. बैलांचा दोष नव्हता म्हटलं. गावात घरोघर जाऊन सांगतो म्हटलं. तो म्हणाला, ऱ्हाऊ दे.
म्हणाला, बसवल्यामुळे झालं हे त्याला त्याच दिवशी कळलं होतं. त्याच्या बहिणीला सुईणीने तसंच झोपवलं होतं, ती वाचली, म्हणून तर मला सांगत होता.
मी विचारलं, मग दोन वर्षं गप्प का राहिलास? गावभर तुला बोललो, एका शब्दाने उलटून बोलला नाहीस.
त्याने बैलांपुढे पेंढा टाकला. म्हणाला, तू मना नावं ठेवत व्हतास, तवर उभा तरी व्हतास रं.
मी त्याच्या ओट्यावर बसलो आणि रडलो. किती वेळ ते माहीत नाही. येसूने चहा परत गरम करून आणला.
उमा सासूबाईंकडेच बरी आहे.