मुलांच्या यादीतला सत्तेचाळिसावा

मंचेरियल
बुधवार, ५ ऑगस्ट १९९२

प्रिय राही,

आपल्या गावचे चंपतकाका उद्या इथून घरी येत आहेत, त्यांच्या हाती हे पत्र देते. आधी कामाचं. तुला इथे पॉलिटेक्निकला प्रवेश मिळालेला आहे. सोमवारी, दहा तारखेला, दुपारी बारापर्यंत तू इथे येऊन सही केलीस तर जागा तुझी. नाही केलीस तर पुढच्या मुलीला जाईल.

तू आल्या दिवशीच परत गेलीस, म्हणून बाकीचा आठवडा सांगते. मंगळवारी नव्या मुलींना वर्कशॉप दाखवलं. प्रत्येकीला लोखंडाचा तुकडा आणि कानस दिली. घासून काटकोन करायचा. बेल्लमपल्लीच्या एकीच्या हाताला फोड आले, ते ती जेवताना सगळ्यांना दाखवत होती. तुझा हात वांग्यांच्या काट्यांना सरावलेला आहे, तुला जड जाणार नाही. गुरुवारी सर्व्हेची साखळी घेऊन मैदान तीनदा मोजलं. तिन्ही मोजमापं वेगळी आली आणि सगळे खूश होते.

होस्टेलात तिन्ही वेळा भात असतो. रविवारी मी राखणदारीण गयाबाईच्या चुलीवर ज्वारीची भाकरी थापते. तेलुगूची भीती धरू नकोस. पहिला महिना मी नुसती मान हलवत होते. आता शेवटच्या वर्षाला मला राग येतो तोही तेलुगूत येतो. मी इथे सुखात आहे. हे घरी कधी सांगितलं नाही, कारण कोणी विचारलं नाही.

आता त्या सोमवारचं, सत्तावीस जुलैचं. हॉल भरलेला होता, पालक मागच्या बाकांवर होते. मुलींची हजेरी झाली, तुझं नाव आलं नाही. मग मुलांची सुरू झाली आणि सरांनी सत्तेचाळिसावं नाव घेतलं, आर. उद्धवराव. कोणी उठेना. सरांनी दुसऱ्यांदा पुकारलं, तेव्हा तुझे बाबा धोतर सावरत उभे राहिले. “हाव जी, मीच उद्धवराव!” पोरं बाकं बडवून हसायला लागली. कोणीतरी हिंदीत ओरडलं, “चाचा, कौनसी ब्रँच?” उद्धवकाका तरी उभेच. “काऊन हासून राह्यले बे? नाव पुकारलं तं उठा नाई लागत काय?” पुढे वॉर्डनबाईंनी सांगितलं की या नावाची मुलगीच यादीत नाही, आणि दुपारच्या बसने तुम्ही दोघं निघून गेलात.

घडलं ते असं. तू अर्जावर आपल्या रीतीने लिहिलंस, राही उद्धवराव. आधी आपलं नाव, मग वडिलांचं. इथे तेलुगू लोक आधी घराण्याचं नाव लिहितात आणि शेवटी माणसाचं. कारकुनाने राही हे घराणं धरलं, त्याचा आर. केला, आणि उद्धवराव हा विद्यार्थी मुलांच्या यादीत घातला.

कारकुनावर दोष टाकून मी इथेच थांबू शकते, पण ते खरं होणार नाही. त्याच्या कच्च्या कागदावरून ती यादी मी उतरवली होती. खाली ‘अर्जांशी ताडून पाहिली’ असं लिहून सहीही केली. ताडली नव्हती. माझं अक्षर सुबक आहे म्हणून सर सगळ्यांना सांगतात, जयवंताच्या कागदात चूक नसते. काका उभे राहिले त्या क्षणी मला सगळं कळलं. मी सरांच्या शेजारीच होते. एक वाक्य पुरलं असतं. मी खाली बघून पेन्सिलीला टोक काढत राहिले. संध्याकाळी गुपचूप दुरुस्त करू असं मनाशी म्हटलं, आणि संध्याकाळी तुम्ही नव्हतात. काल प्राचार्यांना लेखी कळवलं. याद्यांचं काम त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं, ते बरोबरच झालं. हे पत्र उद्धवकाकांना मोठ्याने वाचून दाखव, एकही ओळ गाळू नकोस. ते आले तर सोमवारी हजेरीला मी मागच्या बाकावर त्यांच्या शेजारी बसेन. त्यांनी हो म्हटलं तरच.

तुझीच, उत्तराची वाट पाहणारी,
जयवंता