कानतुटका कप

आई, आज दिवसभर परक्या गाईंचं रक्त तपासत बसले होते आणि मला आपल्या गोठ्याचा वास येत राहिला. शेण, ओला पेंढा आणि रॉकेलचा तो डबा, ज्यात तू दुपारची बसून काळीच्या कानातले गोचीड वेचून टाकायचीस. गोठ्याच्या जागी आता एका सोसायटीचं पार्किंग आहे. नेरूळला उतरून मी कधीकधी मुद्दाम तिकडून जाते, थांबत मात्र नाही.

काळी आपली गावठी गाय. एका सकाळी तिचं मूत कोऱ्या चहासारखं तांबडं दिसलं आणि तू अनवाणीच गुरांच्या डॉक्टरांना आणायला धावलीस. त्यांनी इंजेक्शन दिलं, दोन-तीन दिवसांत काळी पुन्हा रवंथ करायला लागली. तेव्हापासून कान तुटलेला पांढरा कप गोठ्याच्या कुडात खोचलेला असायचा. रोज सकाळी त्यात मूत धरायचं आणि उजेडात नेऊन बघायचं. आळीतल्या बायकाही आपापल्या गाईचं वाटीत घेऊन यायच्या, "तुमीच बगा," म्हणायच्या. तू कपाळाला आठ्या घालून बघायचीस, जशी काही तूच डॉक्टर. मला हसू यायचं आणि अभिमानही वाटायचा.

मग जर्शी आली. शेतं नव्या शहरासाठी गेली होती, खाडीलगतच्या खाजणातली चराई भरावाखाली गेली, आता घर दुधावर चालवायचं असं बाबांनी ठरवलं. तू तिला काळीच्या शेजारीच बांधलीस, नव्या जागी एकटं वाटू नये म्हणून. काही आठवड्यांनी ती तापली. चारा सोडला. खांद्यापुढे लिंबाएवढी गाठ आली, ती दावं काचून आली असं म्हणत तू हळद लावलीस. डॉक्टरांना बोलवू या का, मी विचारलं. तू कप उजेडात धरलास. पिवळं, स्वच्छ. "मूत साफ हाय. काय नाय होनार तिला." रोज सकाळी तेच. तुझ्या चेहऱ्यावरचा तो सुटकेचा भाव मला अजून दिसतो आणि तोच सहन होत नाही. डॉक्टर आले तेव्हा जर्शी आडवी झाली होती. त्यांनी पापणी उलटून पाहिली, आत रक्ताचा थेंब नसल्यासारखं पांढरं. "बाई, हा ताप निराळा. यात मूत लाल होत नाही, गाठ येते." संध्याकाळी ती गेली. बाबा दारातूनच बोलले, "रोज कपात बगत व्हतीस. गाय नाय दिसली तुला?"

तो कप मी पुन्हा पाहिला नाही. पुढे घरात कुणीही तापलं की तुझी बोटं आधी त्याच्या मानेवरून फिरायची, गाठ शोधत. चहात दूध घालणं तू सोडलंस ते शेवटपर्यंत.

आता मला त्या दोन्ही तापांचे जंतू भिंगाखाली दिसतात. तांबड्या मुताचा मोठा, तो बोंब मारतच येतो, म्हणून सापडतो आणि वेळेवर औषध मिळालं तर बहुधा हटतो. दुसरा बारीक ठिपका. गावठी गाईच्या रक्तात तो वर्षानुवर्षं निमूट राहतो. काळीच्याही असणार. तिच्या अंगावरच्या गोचिडांनी तो शेजारी नेला असणार, आणि जर्शीच्या अंगाला त्याची सवय नव्हती. त्याच्यावरचं खरं औषध आपल्याकडे आलं तेव्हा तू नव्हतीस.

मी शिकत होते तेव्हा एकदा तू पाट्यावर वाटण वाटताना, मान वर न करता विचारलंस, "लवकर बोलवला असता तं जगली असती का गो ती?" मी म्हणाले, बघून सांगते. सांगायच्या आधीच तू गेलीस. आज 'नसती जगली' एवढंच लिहायला बसले होते. तुला तेवढंच हवं होतं. पण ते औषध यायच्या आधीही, जिच्याकडे लवकर लक्ष गेलं अशी एखादी गाय उठून उभी राहिलेली मी पाहिली आहे. आई, ते दोन शब्द माझ्याच्यानं तुला लिहवत नाहीत.