भरलेल्या खुर्च्या

महेश्वर,

सोलापुरात व्यावसायिक बॉक्सिंगला पुन्हा गर्दी व्हावी, म्हणून मी सामने भरवले आणि पंधरा वर्षांनी तुला रिंगमध्ये उतरवलं. तुझ्या नावावर सगळी तिकिटं खपली.

सामन्यासाठीच्या डोळ्यांच्या तपासणीआधी तू म्हणालास, "चन्नवीर, डाव्या डोळ्यानं लई कमी दिसतंय की रे." मी तक्त्यावरची अक्षरं तुझ्याकडून पाठ करून घेतली.

तिसऱ्या फेरीत डावीकडून आलेला ठोसा तुला दिसलाच नाही. तू कोसळलास, तेव्हाही मी भरलेल्या खुर्च्याच बघत होतो.

डोक्याला बसलेल्या त्या मारानं तुझ्या दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली. तरी तू सगळ्यांना सांगतोस, "चन्नवीरला काहीच माहीत नव्हतं."

हे पत्र तुला शिवलीलावहिनीच वाचून दाखवतील. म्हणून ते टपालपेटीत टाकायचं धाडस होत नाही.

तुझा म्हणवून घ्यायला लाजणारा,
चन्नवीर