गालाला लावलेलं अंडं

सोनपेठ,
नोव्हेंबर १९८६

प्रिय रुख्मे,

तुझं पत्र पोचलं. सातव्या महिन्यात आणायला येऊ नका, बाळंतपण नाशकातच करीन, असं लिहिलंस. अन् खाली बारीक अक्षरात, 'आईलाच मी नको असेन तर कशाला येऊ.' ते बारीक अक्षर मी आधी वाचलं. अंडी विकून वर आलेला माणूस मी. गिऱ्हाईक हळू काय बोलतं तेच ऐकायची सवय.

इकडं बरं आहे. शेडवर नवे पत्रे टाकले. लाल तुऱ्याच्या कोंबड्यानं पोस्टमनला पुन्हा धरलं, आता तो फाटकाबाहेरूनच ओरडतो, "आबासाहेब, तुमचा वाघ बांधा आधी!" तुझी आई पाच कोवळ्या तलंगा कोंबड्या विकू देत नाही. कुणासाठी ठेवल्यास, म्हणून तोंडासमोर जाऊन दुसऱ्यांदा विचारलं, तर म्हणाली, "तुमच्यासाठी न्हाईत, एवढं ध्यानात ठिवा."

तुला आठवतं, विसाव्या दिवशी आई उबवायला बसलेल्या खुडूक कोंबडीखालचं एकेक अंडं काढून कानाला लावायची? आत पिल्लू टकटक करतं, बारीक चिवचिवतं. जिवंत ते परत कोंबडीखाली, मुकं ते बाजूच्या टोपल्यात. ही विद्या तिची, माझी नव्हे. लग्न झालं तेव्हा माझ्याकडं एकच कोंबडी, तीही अंड्यांवरून उठून गावभर हिंडणारी. चार गावच्या बाया आईकडं अंडी दाखवायला यायच्या. तिची चूक कधी झाली नाही.

या चैत्रात तिनं एक अंडं कानाला लावलं, "गेलंय" म्हणाली अन् टोपल्यात ठेवलं. मी तीन हातांवर उभा होतो. मला तिथून चिवचिव ऐकू आली. ती वळली तसं मी ते गुपचूप कोंबडीखाली सरकवलं. पुढच्या खेपेला अशी दोन, त्याच्या पुढं चार. मला वाटलं, हिला काय कळतंय. पण पिल्लं मोजण्यात ती पक्की. एका सकाळी पदरात पिल्लं घेऊन समोर उभी. "कवापासून माझ्यामागं अंडी ठिवायलाव?" मी मान खाली घातली. तिनं माझा हात ओढून आपल्या डोक्यावर ठेवला. "लेकीला सांगायचं न्हाई. संसार सोडून पळत यील ती."

मग पंचमीला तू दोन दिवस आलीस. समोर बसलीस की आई ओठ बघून निभावून न्यायची. पण दुसऱ्या सकाळी ती चुलीपुढं होती, तुझ्याकडं पाठ. तू दारातून म्हणालीस, "आई, पहिल्या बाळंतपणाला इकडंच येऊ ना मी?" ती फुंकणी फुंकत राहिली. तू जरा थांबलीस, अन् मग तुझी जोडवी अंगणात वाजत गेली. दुपारची गाडी असताना तू सकाळचीच धरलीस.

रुख्मे, ते तुझं बोलणं आईपर्यंत पोचलंच नाही. तिचे दोन्ही कान गेलेत. ऐकलं ते मी, ओसरीवर बसून, शब्द न् शब्द. अन् शपथेला जागून गप्प राहिलो. नको तिथं शहाणपणा केला. आज शपथ मोडतोय. तिच्या डोक्याला काही होत नाही, ते माझ्यापेक्षा पक्कं आहे. तुझं पत्र तिला दाखवलेलं नाही, दाखवणारही नाही. परवा तिनं अंडं कानाला न लावता गालाला लावलं, डोळे मिटले, बराच वेळ तशीच बसली, अन् म्हणाली, "हाय." मी मागून कान लावून बघितलं. होतं. मार्गशीर्षात मी तुला न्यायला येतोय, नाही म्हणू नकोस. आलीस की मागून हाक मारू नकोस. समोर बस. बोलायचंही काही नको. तिचा हात घे अन् पोटावर ठेव. तिचं तिला कळेल.

तुझाच,
सगळं ऐकून वेळेवर न बोललेला
आबा