मला कुणी विचारलं?

पाथर्डी, १४ नोव्हेंबर २०२५

ती. आईंस, सत्यशीलाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही रडता, मी फोन कापते, म्हणून लिहिते आहे. तब्येत बरी आहे. डोकं मात्र अजून तापलेलंच आहे.

सोनोग्राफीचे डॉक्टर एवढंच म्हणाले, की बाळाच्या हृदयात दोष असल्याची शंका येते. नाशिकला बाळांच्या हृदयाच्या डॉक्टरांकडून इको करून घ्या, मग कळेल. शंका म्हणाले. आपण राहात्याला घरी पोचायच्या आत तुम्ही कानिफनाथमामांना फोनवर सांगूनही टाकलंत, की ग्रहणात हिनं भाजी चिरली. आणि तुमचे चिरंजीव अमृत गाडी चालवता चालवता म्हणाले, पोट मोकळं करून टाकू, पुढचं पुढं बघू. मागच्या सीटवर मी बसले होते, आई. मला कुणी विचारलं?

म्हणून त्याच संध्याकाळी माहेरी निघून आले. सत्तावीसला आबांबरोबर नाशिकला जाते आहे. तुम्ही कुणी येऊ नका.

आज लोभ मागत नाही.

सत्यशीला

राहाता, १९ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. सत्यशीलास झुंबरबाईचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून मीबी लई चिडले. पाचव्या महिन्यात एष्टीनं एकटी गेलीस, सांगून तरी जायचं. ग्रहनाचं मी बोलले, खोटं कशाला सांगू. भ्या वाटलं आनि दुसरं कारन सापडंना.

मग अमृतला समोर बसवलं. डॉक्टरनी मोकळं करा म्हनलं का, इचारलं. न्हाई म्हनला. मग तू कुनाच्या सांगन्यावरून बोललास? ट्रॅक्टर बिघडला तर चार मिस्तरी दाखवतो, आनि लेकराला दुसरा डॉक्टर न्हाई? त्या दिवशी त्याला जेवायला वाढलं न्हाई.

सत्तावीसला मी येनार. तू आत बोलवू नको, मी बाहेर बाकड्यावर बसन.

राग आसू दे, जेवन सोडू नको.

तुझी सासू

पाथर्डी, २९ नोव्हेंबर २०२५

ती. आईंस शि. सा. न. वि. वि.

बाकड्यावरून तुम्हाला मीच आत बोलावलं, पण नंतर तुम्ही घाईनं बस धरलीत, म्हणून डॉक्टरांचं सगळं लिहिते. अमृतना वाचून दाखवा. हृदयाच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र आहे. पुष्कळदा ते आपोआप बुजतं. नाही बुजलं, तर पहिल्या वर्षात ऑपरेशन. बाळंतपण मोठ्या दवाखान्यातच करायचं.

ग्रहणाचं तुम्ही स्वतः डॉक्टरांना विचारलंत. यात कुणाची चूक नाही, असं त्या म्हणाल्या, आणि तुम्ही तिथूनच मामांना फोन लावून ते मोठ्यानं सांगितलंत. तुमच्यावरचा माझा राग तिथंच संपला.

अमृतवरचा नाही संपला. काल त्यांचा फोन आला, छिद्र केवढं आहे म्हणून. ठोके कसे होते, हे विचारलं नाही. तुम्ही ऐकलेत ना? तुमच्या डोळ्यांत पाणी आलं, मला संताप आला. एवढंसं काळीज, किती नेटानं चाललं होतं.

त्यांना म्हणावं, पुढच्या तपासणीला या. आत या, ते ठोके स्वतःच्या कानांनी ऐका. मग मी घरी यायचं की नाही, ते बोलू.

माया राहू द्या, बाळावर आणि माझ्यावर.

सत्यशीला