उलट्या राजाचा रुपया

२ डिसें.
वैरागहून बिरूअण्णा माझ्या जुन्या नाण्यांच्या दुकानात आले, दोन थोरल्या मुलांना घेऊन. देव्हाऱ्यातला चांदीचा रुपया आणला होता. पिढ्यान्‌पिढ्या पाटावर लाखेनं चिकटवलेला, राजाचं तोंड वर, भंडारा त्यावरच. चंपाषष्ठीला धाकटी सून सावित्रा चिंचेनं घासत होती, तेव्हा सुटला. खालच्या बाजूला अक्षरंच नाहीत, खोलगट चेहरा.
"पोरीनं ठोकून इस्कटला, का मुळातच आसा हाय? तुमी सांगाल ते खरं."
भिंग घरी विसरलेलं. पण तिघं समोर उभे, विसरलो म्हणून सांगणार कसं? "टांकसाळीतला नाही, नंतरचा मार आहे," म्हणालो. दोन्ही बाजूंचे फोटो काढले, चहा पाजला.

५ डिसें.
अण्णांचा फोन. सावित्राला माहेरी धाडलं, अक्कलकोटकडे. लेकरू ठेवून घेतलं. मी "हं" म्हणालो. नुसतं हं!

६ डिसें.
फोटो मोठे करून पाहिले.
मार बसला असता तर वरचं राजाचं नाक-दाढी चेपली असती. ती ठणठणीत. खाली तोच चेहरा, उलटा, आत गेलेला. जुन्या अक्षरांचा मागमूस नाही. म्हणजे टांकसाळीतच आधीचं नाणं ठशाला चिकटून राहिलं आणि यावर दाबलं गेलं. शिकाऊ माणसानंही ओळखावं असं. आणि मी!

८ डिसें.
अण्णांना तीनदा फोन लावला, तीनदा उचलायच्या आत मीच कापला. शेवटी हिला सांगितलं. "नाण्यातले दोष बरे दिसतात तुम्हाला," म्हणाली आणि भाजी निवडत बसली.

९ डिसें.
सावित्राच्या माहेरी गेलो. पोरसवदा आहे हो. सगळं सांगितलं, मान वर करवेना.
"लई उशीर केला की, काका. काल सासरची मानसं आली, मीच ठोकला म्हणून कबूल झाले, बेल-भंडारा उचलून. लेकरू तितं हाय माजं. उद्या नेणार हायत."
"मी खरं सांगतो अण्णांना."
"मग भंडाऱ्यावर खोटं बोलल्याचं पाप माज्या माथी. न्हाय सांगितलं, तर जलमभर देव बिघडवणारी मीच."
"मग काय करू, बाई?"
"मला काय इचारता? मागंबी तुमीच सांगितलं की."

१० डिसें.
एसटी स्टँडवर बसलोय. भिंग आहे खिशात, आज विसरलो नाही. सावित्रा एव्हाना वैरागला पोचली असेल. वैरागची दहाची गाडी समोरून गेली, चढलो नाही. पुढची बाराला.