तांबडमाळ ठेसनावरची तिसरी हाक

॥ श्री ॥

लिहून ठेवणार रखमाजी बिन रायबा रेणुसे, वय वर्षे सहासष्ट, धंदा पूर्वी टपालाची थैली वाहणे, हल्ली खोकणे, राहणार मार्गासनी, गुंजण मावळ, संस्थान भोर. कारणे लिहून ठेवतो की, माझे डोके ठिकाणावर आहे. याबद्दल गावात दोन मते आहेत, हे मला ठाऊक आहे. पण हे अक्षर माझे आहे, ओळ सरळ आहे, आणि हे कुणी दटावून किंवा पाजून लिहून घेतलेले नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. शनिवारच्या आत पुरे करायचे म्हणून घाई आहे, तेवढी सांभाळून घ्यावी.

कलम पहिले. मार्गासनीतले दोन खणांचे राहते घर, परसातल्या शेवग्यासह, माझी एकुलती एक लेक धोंडाबाई, नांदणार वरवे बुद्रुक, हिला द्यावे. तिची आई ठकुबाई याच घरात गेली. मागची भिंत पावसाळ्यात ओल धरते, ती दरसाल लिंपावी लागते. ते काम जावयाने करायचे आहे. ओसरीवर बसून विडी ओढत भिंतीला नावे ठेवायची नाहीत.

कलम दुसरे. ओढ्याकाठचे भाताचे खाचर, तेही धोंडाबाईलाच. माझा धाकटा भाऊ मानसिंग याने मधला बांध दर उन्हाळ्यात वीतभर माझ्याकडे सरकवला आहे. त्याला वाटते मला कळले नाही. अरे, अठ्ठावीस वर्षे रोज आठ कोस चाललेला माणूस मी, वीतभर जमीन कमी झालेली माझ्या पायाला कळते! मानसिंगला मी तो बांध देतो. नुसता बांध. त्यावर त्याने सुखाने बसावे. चावडीवर चार माणसांत तो म्हणाला होता, "दादाला आगगाडीचं याड लागलंय, आता बैलाला शिट्टी मारायला शिकवंल." त्या थट्टेची मी माफी केली आहे. बांधाची केलेली नाही.

कलम तिसरे. टपालाची घुंगरांची काठी गावदेवीच्या देवळात टांगावी. कंदील शेजारच्या गेनूला द्यावा, तो तसाही त्याच्याकडेच असतो.

कलम चौथे. रेल्वेचे वेळापत्रक, खिशातले घड्याळ आणि बांधीव वही धोंडाबाईच्या थोरल्या मुलीला, साळूला द्यावी. आगगाडी मागे कशी फिरते, हे मला आजवर विचारणारी ती एकटीच. वहीत मी पाहिलेल्या एकेचाळीस ठेसनांची नावे आहेत. शेवटच्या नावापुढे काही लिहिलेले नाही. ते पुढच्या कलमात लिहितो, कारण ते पोरीने वाचावे असे नाही.

कलम पाचवे. हे कलम लांबेल. वाचणाऱ्याने पाणी पिऊन घ्यावे.

लोक विचारत, चालून चालून पाय झिजलेल्या माणसाने आगगाडीत काय बघायचे? तेच तर! बाकावर बसलोय, पाय लोंबकळतायत, आणि डोंगर आपले आपण मागे चाललेत. जन्मभर मी ते एकेक पाऊल टाकून मागे ढकलले होते. हे सुख माझ्याइतकेच एकाला कळले, वरच्या धनगरवाड्यातल्या बिरूला. वर्षातून तीनदा आम्ही निघायचो. शनिवारी उजाडता नसरापूरपर्यंत पायी, तिथून पुण्याला मोटारीने, पुण्याहून दक्षिणेकडच्या गाडीने. जिथे कुणी उतरत नाही असे ठेसन बघून उतरायचे. तिथल्या झाडाखाली भाकरी खायची, जाणाऱ्या गाड्या बघायच्या, येणाऱ्या बघायच्या, आणि रविवारी परत. बिरू रुळाला कान लावायचा आणि म्हणायचा, "आली. लांब हाय अजून, पन आली." मग घटकाभराने सिग्नलचा हात पडायचा. आम्ही दोघे खुळ्यासारखे हसायचो. माझ्या आयुष्यातले ते चांगले दिवस आहेत, दुसरे कुठले दाखवता यायचे नाहीत.

आता आमच्याकडची एक रीत सांगणे भाग आहे. डोंगरात कुणी नाव घेऊन हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसरीलाही नाही. माणूस असेल तर तिसऱ्यांदा मारतो. माणूस नसेल ते दोनाच्या पुढे जात नाही. आम्ही खालच्या गावातले ही रीत अर्धीमुर्धी पाळतो. बिरू पुरती पाळायचा. भर दुपारी त्याच्या दारात उभा राहून मी तीनदा ओरडायचो. तो समोर लोकर निवडत बसलेला दिसायचा, आणि तिसऱ्या हाकेला मान वर करून म्हणायचा, "आरं रखमाजी, कवा आलास?" अस्सा राग यायचा!

सन १९२९, माघ महिना. आम्ही तांबडमाळ नावाच्या ठेसनावर होतो. एक खोली, एक लिंब, आणि दांडीला टांगलेला रुळाचा तुकडा, तीच घंटा. गाव नजरेच्या टप्प्यात नाही. रविवारी दुपारी लिंबाखाली भाकरी खात असताना फलाटाच्या पार टोकाकडून हाक आली, "बिरू!" तिथे कुणी नव्हते. नुसता माळ, ऊन, आणि लांबवर गेलेले रूळ. बिरूने घास चावत माझ्याकडे पाहिले. थोड्या वेळाने पुन्हा आली, "बिरू!" आवाज वाईट नव्हता. जेवायला बोलवावे तसा होता.

"दोन झाल्या," बिरू म्हणाला. "आता गप बसंल बग."

मी तरी उठून तिथल्या सांधेवाल्याला, म्हणजे रुळांचे सांधे बदलणाऱ्या गड्याला, विचारले. तो म्हणाला, "म्या न्हाई बा. मला तुमची नावं कुठं ठावं?"

तिसरी हाक आली नाही. गाडी आली. ती तिथे जेमतेम पाणी पिण्याइतकी थांबते. मी खिडकीची जागा धरायला धावत चढलो. बिरू मागोमाग येतोच आहे, असे धरून चाललो. शिट्टी झाली. मी बाहेर पाहिले तर बिरू लिंबाखालीच, माझ्याकडे पाठ करून, त्या टोकाकडे तोंड करून बसलेला. मी ओरडलो, "बिरू!" एकदाच.

"व्हय. हितंच हाय की," माझ्या पाठीमागून कुणी म्हणाले.

मी वळलो. बिरू बाकावर बसला होता. घोंगडे, काठी, कानातली बाळी, सगळे त्याचेच. जीव भांड्यात पडला. म्हटले, झाडाखाली दुसरा कुणी मेंढपाळ असेल. गाडी हलली. तो झाडाखालचा हळूहळू मागे गेला आणि त्याने मान वळवली नाही. पुणे येईपर्यंत मी आणि बिरू पिकाविषयी बोलत होतो. नसरापूरच्या चढावर माझ्या ध्यानात आले. बिरूने पहिल्या हाकेला ओ दिली होती!

मी आणखी दोनदा ओरडायला हवे होते. तो तिथे बसून तेवढ्याचीच वाट बघत होता. त्या माळावर आधीच दोन हाका खोट्या निघाल्या होत्या, मग माझी पहिली तो खरी कशी मानणार? ही चूक माझी आहे, आणि मी ती येथे कबूल करतो.

जो माझ्याबरोबर परत आला त्याच्याविषयी वाईट लिहिण्यासारखे काही नाही. आधीचा बिरू दारू प्यायचा, आणि पिऊन कोंडाबाईवर, म्हणजे त्याच्या बायकोवर, हात टाकायचा. मी त्याचा मित्र असून कधी अडवले नाही, हेही कबूल करतो. हा पीत नाही. मेंढरे राखतो, पोरांना खांद्यावर घेतो. पहिल्या हाकेला ओ देतो, कितीही लांब असो. आगगाडी बघायला मात्र पुन्हा कधी आला नाही. विचारले की म्हणतो, "तिथं आता काय बगायचं ऱ्हायलंय?"

दोन वर्षांनी एक दिवस कोंडाबाई माझ्या ओसरीवर आली.

"भावजी, तुमी दोनदा वाड्यावर आलासा, आन् न बोलता माघारी गेलासा. काय सांगायचं आसंल ते सांगू नगा. मला ठावं हाय."

"काय ठावं हाय?"

"ह्यो पयल्या हाकंला ओ देतो." मग ती जमिनीकडे बघत म्हणाली, "पन ह्यो मारत न्हाई, भावजी. पोरं त्येच्या मांडीवर झोपत्यात. तुमी गप ऱ्हावा. पाया पडते."

मी गप्प राहिलो. चार वेळा मी त्या लाईनवर गेलो. चारही वेळा खिडकीतून पाहिले. तो तिथेच, पाठ करून. घोंगड्याचा एक धागा विरलेला नाही. सांधेवाल्याला खिडकीतून विचारले तर म्हणाला, "त्यो व्हय? गाडीची वाट बगतुया. कंची गाडी म्हनलं तर बोलत न्हाई." चारही वेळा मी खाली उतरलो नाही. भीती वाटली. दुसरे काही कारण नाही, आणि सजवून सांगत नाही.

कलम सहावे. [येथील सात ओळी खोडल्या आहेत. खाडाखोड माझ्याच हातची आहे, कुणी शंका घेऊ नये. माझ्या वारसांपैकी जो तांबडमाळला जाऊन तीनदा बिरूच्या नावाने हाक मारील त्यालाच खाचर मिळावे, अशी त्यात अट होती.]

ही अट खोडण्याचे कारण असे की, तिचा ज्या घरावर परिणाम होणार त्या घरच्या बाईला न विचारता ती घालणे बरे नव्हे, म्हणून मंगळवारी मी कोंडाबाईला बोलावून वाचून दाखवली.

"म्या गेल्ते, भावजी," ती म्हणाली. "पाच वर्सामागं. जत्रंला जाते म्हून सांगितलं आन् एकलीच गेले. झाडाखाली पाठ करून बसल्यालं. घोंगडं तेच, म्या सूत काढल्यालं. मालकाचं नाव जल्मात कवा घेतलं न्हवतं, लग्नातला उखाणा सोडला तर. त्या दिशी दोनदा घेतलं."

"मग?"

"पयल्या हाकंला हाललं न्हाई. दुसऱ्या हाकंला मान कलली. कान हिकडं केला. तिसरीची वाट बगत बसलं." तिने पदर तोंडाला लावला. "घरी पोरं व्हती. आन् घरातल्या ह्येनं निघताना म्हनलं व्हतं, लवकर ये. तिसरी गळ्यातच ऱ्हायली. मी पापीन हाय का वो, भावजी?"

मी तर पहिलीच्या पुढे गेलो नव्हतो. दोघेही रडलो. माझ्या ओसरीवर ठकुबाई गेल्यानंतर प्रथमच कुणी रडले.

कलम सातवे. तिसरी हाक मी कुणाच्या नावे करीत नाही. मारली तर बिरू उठून घरी येईल, आणि कोंडाबाईच्या उंबऱ्याशी दोघे उभे राहतील. तिने कुणाला आत घ्यायचे? आणि न मारता, त्याला तिथे तसाच सोडून अंथरुणात मरणे मला होणार नाही. छाती भरली आहे, वैद्य आता माझ्याकडे न बघता बोलतात, तेव्हा उशीर करून चालायचे नाही. म्हणून येत्या शनिवारी मी नेहमीप्रमाणे निघणार आहे. लढाईमुळे गाड्या कमी झाल्या आहेत आणि शिपायांनी भरलेल्या असतात, पण तांबडमाळला उतरायला गर्दी नसेल. जाण्याचेच तिकीट काढणार. हाक मारणार नाही. उतरणार आहे, आणि त्याच्या शेजारी जाऊन बसणार आहे. चौदा वर्षे त्याच्यापाशी कुणी बसलेले नाही.

कलम आठवे. सोमवारपर्यंत मी आलो नाही तर शोधायला कुणी येऊ नये. बारा वर्षे वाट बघून पळसाच्या पानांचा माणूस करून जाळतात, तसले काही माझ्यासाठी करू नये. सोमवारपासून हे मृत्युपत्र लागू समजावे.

मी आलोच, तर धोंडाबाईने दारातून एकदा हाक मारावी आणि थांबावे. आलेल्याने लगेच ओ दिली तर पोरी, घाबरू नकोस. त्याला हाकलू नकोस. भाकरी दे, ओसरीवर झोपू दे. घर मात्र त्याला देऊ नकोस, ते तुझे आहे.

कायद्याला दोन साक्षीदार लागतात. मी तीन घेतले आहेत, कारण तिसऱ्याचे नाव खरोखर त्याचे आहे की नाही, याची मला खात्री नाही. पहिल्या दोघांना मी फक्त सही कुठे करायची ते दाखवले. तिसऱ्याला आज दुपारी ओसरीवरून बोलावले. एकदाच, हळू आवाजात. तो ओढ्यापलीकडून "व्हय" म्हणाला आणि आला. अंगठा उठवताना मी कागद वाचू लागलो तर त्याने हात वर केला.

"वाचू नगं. मला ठावं हाय," तो म्हणाला. अंगठ्याची शाई त्याने गवताला पुसली. बराच वेळ पुसत होता. "शनवारी जातुयास न्हवं? त्येला सांग, मेंढरं नीट हायती. कोंडाबाय नीट हाय. पोरं मोठी झाली."

मी म्हटले, सांगतो.

तो पायरी उतरला आणि पाठ करूनच उभा राहिला. "आन् म्हनावं, माझ्यावर राग धरू नगं. मीबी कवातरी आसाच वाट बगत बसून व्हतो, मलाबी कुनी तिसऱ्यांदा बोलवलं न्हवतं."

हे त्याने सांगितले तसेच लिहिले आहे. यात फेरफार करण्याचा अधिकार माझ्यामागे कुणालाही नाही.

लिहिणार: रखमाजी बिन रायबा रेणुसे, दस्तुर खुद्द

साक्षीदार:
१. गेनू बिन भिमा, राहणार मार्गासनी, सही
२. सोनबा बिन कोंडिबा, राहणार मार्गासनी, सही
३. बिरू, राहणार वरचा धनगरवाडा, डाव्या अंगठ्याची निशाणी

मुक्काम मार्गासनी, शके १८६५, मार्गशीर्ष शुद्ध पक्ष, गुरुवार, तारीख ९ डिसेंबर १९४३